बायबल परक्यांवर प्रेम करा म्हणतं, मग अमेरिकेतले ख्रिस्ती नेते स्थलांतरितांना हाकलण्याचं समर्थन कसं करतात?

मुख्यतः दोन आधारांवर: ‘कायदा पाळा’ आणि ‘आधी घरचे, मग बाहेरचे’. पहिल्यासाठी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय पुढे केला जातो, जो सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा असं सांगतो. 2018 मध्ये सीमेवर मुलं आईबापांपासून तोडली जात होती, तेव्हा अमेरिकेचे अॅटर्नी जनरल (सरकारचे मुख्य कायदा अधिकारी) जेफ सेशन्स यांनी तोच दाखवला. दुसरा आधार उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचा, जानेवारी 2025 मधला: आधी कुटुंब, मग शेजारी, मग देशबांधव, उरलेलं जग शेवटी. ही कल्पना संत ऑगस्टीन आणि थॉमस अक्वायनस या जुन्या ख्रिस्ती विचारवंतांपर्यंत मागे जाते, त्यामुळे अगदीच हवेतली नाही. पण त्याच वर्षी 10 फेब्रुवारीला तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकी बिशपांना पत्र लिहून ती खोडली, व्हान्स यांचं नावही न घेता. दाखला दिला येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याचा: लुटून अर्धमेल्या टाकलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) टाळून गेले, ज्याला यहुदी हलका समजत, त्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, वर सरायवाल्याला दोन दिनारही दिले. बायबलमधलं लेवीय 19:34 तर याहून थेट आहे: परदेशीयावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण तुम्हीही मिसरात (इजिप्तमध्ये) परदेशी होता. मला पोपची बाजू मूळ वचनांच्या जवळची वाटते. तरी ‘सीमा खुल्या सोडा’ असं कॅथलिक चर्चही म्हणत नाही. त्याच्या धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातल्या परिच्छेद 2241 नुसार सधन देशांनी झेपेल तितका आसरा द्यावा, सरकार अटी घालू शकतं आणि येणाऱ्यानेही तिथले कायदे पाळायचे असतात.