पक्षी-प्राणी आणि मैदानी खेळ टिपायला ६०० किंवा ८०० मिमीची लेन्स घ्यावी का?

तुमच्याकडे क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची झूम आहे. पक्षी, जंगलातले प्राणी आणि मैदानावरचे सामने असं सगळंच टिपायचं असतं. फोटोत विषय फार लहान येतो, म्हणून थेट ६०० किंवा ८०० मिमीची प्राइम (झूम न होणारी, एकाच मापाची लेन्स) घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

छोट्या पक्ष्यांसाठी आणि क्रिकेटसारख्या मोठ्या मैदानासाठी एवढी लांब लेन्स खरंच उपयोगी पडते. जवळून दिसणारे मोठे प्राणी, इनडोअर खेळ आणि कमी उजेडातले सामने यांत ती बऱ्याचदा अडचण होते. आणि या दोन्ही प्रकारचं काम करायचं असेल तर पहिली लांब लेन्स म्हणून ८०० ची प्राइम मी कुणालाच सुचवणार नाही.

आधी थोडा हिशेब करू, कारण तो न करताच बहुतेक जण लेन्स निवडतात. विषयाचा आकार गुणिले फोकल लेंथ (लेन्सवरचा मिमीचा आकडा), भागिले अंतर. एवढं केलं की सेन्सरवर प्रतिमा किती मोठी पडेल ते कळतं. चिमणीएवढा, म्हणजे साधारण १५ सेंमी लांबीचा पक्षी १० मीटरवर बसलाय असं धरा. ३०० मिमीने त्याची प्रतिमा ४.५ मिमी पडते, ६०० ने ९ मिमी आणि ८०० ने १२ मिमी. हिशेबासाठी फुल फ्रेम सेन्सर धरू, तो ३६ मिमी रुंद असतो. म्हणजे ८०० मिमी लावूनही तो पक्षी फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग व्यापतो. तोच पक्षी ५ मीटरवर आला तर ४०० मिमीची लेन्सही तेवढीच १२ मिमीची प्रतिमा देते. निम्म्या अंतरावर जाणं आणि दुप्पट फोकल लेंथ लावणं, प्रतिमेच्या आकारापुरतं दोन्ही सारखंच. म्हणून पक्ष्यांचे उत्तम फोटो काढणारे लोक आडोशाला तासन्‌तास बसतात. लेन्स कितीही लांब असली तरी ते बसणं चुकत नाही.

आता याच्या उलट उदाहरण घ्या. १५ मीटरवर वाघ आडवा उभा आहे. शेपटी सोडून त्याची लांबी पावणेदोन मीटर धरली, तर ६०० मिमीने त्याची प्रतिमा ७० मिमीची होते. सेन्सर ३६ मिमीचा, त्यामुळे फक्त तोंड आणि खांदा मावतो. २०० मिमीने तोच वाघ २३ मिमीत बसतो आणि भोवतालचं गवत, झाडं, उजेडही फोटोत येतात. वाघाचा चेहरा फ्रेमभर घेतलेले फोटो आता इतके आहेत की जंगलासकट वाघ दाखवणारा फोटो मला जास्त मोलाचा वाटतो. अर्थात ही माझी आवड झाली.

खेळांनाही हाच हिशेब लागू होतो. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून जास्तीत जास्त ९० यार्डांवर, म्हणजे ८२ मीटरवर असते. फोटोग्राफर बसतो तिच्याही बाहेर. ७५ मीटरवरच्या १.८ मीटर उंच फलंदाजाची प्रतिमा ६०० मिमीने १४.४ मिमी पडते, म्हणजे आडव्या फ्रेमच्या उंचीच्या (२४ मिमी) ६० टक्के. बॅट फिरवायलाही जागा राहते. ३०० मिमीने हेच माप ७ मिमीवर येतं आणि मग क्रॉप करण्यावाचून इलाज नसतो. क्रिकेटमध्ये ५००-६०० मिमी हे वेड नाही, ती गरज आहे. फुटबॉलचं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं. गोलरेषेपलीकडे बसलेल्या फोटोग्राफरसमोर खेळाडू कधी पाच मीटरवर असतो, तर कधी साठ मीटरवर. तिथे एका कॅमेऱ्यावर ४०० मिमी एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त प्रकाश आत) आणि दुसऱ्यावर ७०-२०० अशी जोडी चालते. सगळ्यात महत्त्वाचा क्षण गोलसमोर घडतो आणि तेव्हा ६०० मिमी लावून बसलेल्याला खेळाडूचं नाक तेवढं मिळतं. बास्केटबॉल आणि बॅडमिंटनला ७०-२०० पुरेशी आहे, त्यावर जास्त बोलायला नको.

पण खेळांत लांबीच्याही आधी मी अपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याची वाट किती मोठी आहे ते बघतो. पळणारा माणूस गोठवायचा तर शटर स्पीड किमान १/१००० सेकंद लागतो. दिव्यांच्या उजेडातल्या एखाद्या सामन्यात एफ/२.८ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; ती वाढवली की नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा वाढतो) ३२०० वर काम होत असेल, तर त्याच शटर स्पीडला एफ/६.३ ची लेन्स आयएसओ १६,००० मागेल आणि एफ/११ ची जवळजवळ ५०,०००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन इथे मदतीला येत नाही. ते तुमच्या हाताची थरथर थांबवतं, खेळाडूचं पळणं थांबवत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात फांदीवर शांत बसलेल्या पक्ष्यासाठी एफ/६.३ छान चालते. तो उडाला की १/२००० किंवा त्याहून जास्त शटर हवा आणि प्रश्न परत तिथेच येतो.

मोठं अपर्चर आणि लांब फोकल लेंथ एकत्र हवी असेल तर वजन टळत नाही. फोकल लेंथला एफ-आकड्याने भागलं की प्रकाश आत यायला किती रुंद वाट लागते ते निघतं. ६०० मिमी एफ/४ साठी ती १५० मिमी होते. पुढची काच तेवढी मोठी हवीच, आणि म्हणून कॅनन असो की सोनी, आजच्या ६०० एफ/४ लेन्स तीन किलोच्या आसपास आहेत. कॅननने १९९३ मध्ये १२०० मिमी एफ/५.६ काढली होती. तिचं वजन १६.५ किलो होतं आणि १४ मीटरच्या आत ती फोकसच करत नसे. वजन उतरवायचं तर बहुधा अपर्चर सोडावं लागतं. फेज फ्रेनेल नावाची खास काच वापरून हलकी केलेली निकॉनची ८०० मिमी एफ/६.३ सुमारे २.४ किलोची आहे, कॅननची ८०० मिमी एफ/११ अवघी सव्वा किलोची. ही एफ/११ भर उन्हात पक्ष्यांसाठी चांगली, पण दाट झाडीत किंवा संध्याकाळच्या सामन्यात तिचा जीव घुसमटतो.

यापुढचा मुद्दा लेन्स विकताना कुणी सांगत नाही, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: हवा. ऊन चढलं की जमीन तापते, तिच्यालगतची हवा कमी-जास्त तापलेल्या थरांत हलत राहते आणि प्रत्येक थर प्रकाशाला थोडं वेगळं वळवतो. डांबरी रस्त्यावर दुपारी दिसणारी लहर हीच. तुमच्या आणि विषयाच्या मध्ये अशी शंभर मीटर हवा असली की लांब लेन्स त्या प्राण्याबरोबर ती लहरही मोठी करून दाखवते. पिसं, केस, जर्सीवरचा नंबर सगळं मऊ आणि पुसट होतं. मग लोक लेन्सला दोष देतात, ऑटोफोकस बिघडला म्हणतात, दुरुस्तीला पाठवतात. ओळखायचं असेल तर ट्रायपॉडवरून स्थिर विषयाचे सलग दहा-पंधरा फोटो घ्या आणि मोठे करून बघा. दर फोटोत वेगवेगळा भाग वाकडा किंवा धूसर दिसला तर दोष हवेचा. अशा वेळी ४०० मिमीने काढून क्रॉप केलेला फोटो आणि ८०० ने काढलेला फोटो यांच्या तपशिलात फारसा फरक उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे सकाळी लवकर जाणं, जवळ जाणं, किंवा ढगाळ दिवस निवडणं. गाडीतून फोटो काढत असाल तर एसी किंवा हीटर आधीच बंद करून काचा उघड्या ठेवा. आतली आणि बाहेरची हवा खिडकीत मिसळते, तिथेही हेच होतं.

हाताळणीबद्दल. फुल फ्रेमवर ६०० मिमीला दिसणारा कोन कर्णावर साधारण ४ अंशांचा, ८०० चा ३ अंशांचा. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे ८०० च्या फ्रेममध्ये कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सहा चंद्र ओळीने मावतील, बस्स. एवढ्याशा खिडकीत उडता पक्षी शोधणं हे वेगळं कसब आहे. नजर पक्ष्यावरून न हलवता कॅमेरा डोळ्यापर्यंत आणायचा सराव करावा लागतो. झूम असेल तर २०० वर विषय पकडून मग ६०० वर जाता येतं. प्राइमला ती सोय नाही. शिवाय ६०० मिमी एफ/४ ला १० मीटरवर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे टोकदार दिसणारा पट्टा, सहा-सात सेंटीमीटरच मिळते. डोळा टोकदार आला की पंखाचं टोक मऊ असतं. आणि निकॉनच्या त्या ८०० चं किमान फोकस अंतर ५ मीटर आहे, म्हणजे धीट पक्षी अगदी समोर येऊन बसला तर तुम्हालाच मागे सरकावं लागेल.

आधारासाठी खेळांना मोनोपॉड घ्या. मैदानाच्या कडेला ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी लावू देत नाहीत आणि तो गर्दीत लोकांच्या पायातही येतो. पक्ष्यांसाठी ट्रायपॉडवर गिंबल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरवू देणारा जोड), गाडीच्या खिडकीवर बीनबॅग (दाणे भरलेली पिशवी).

लांब लेन्सच्या बाजूने मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यामुळे प्राण्याला त्याची जागा देता येते. पक्षी चोच मारायची थांबला, मान उंच करून बघू लागला किंवा सारखा इशाऱ्याचा आवाज काढू लागला, तर तुम्ही जास्त जवळ गेला आहात. तिथून मागे फिरावं, मग हातात ३०० असो की ८००. घरट्याजवळ जाऊन तर फोटो काढूच नयेत. आईबाप लांब राहिले की अंडी थंड पडतात, पिल्लं उपाशी राहतात. ६०० मिमी हातात असूनही आणखी दहा पावलं पुढे सरकणारे लोक मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं, कारण ही लेन्स त्यांनी ज्यासाठी घेतली तेच ते मोडत असतात.

आता तुमच्यापुरतं बोलायचं तर १५०-६००, १८०-६०० किंवा २००-६०० यांपैकी तुमच्या कॅमेऱ्याच्या माउंटला (लेन्स जोडायच्या कड्याला) बसणारी झूम बघा. वजन साधारण दोन किलो, लांब टोकाला अपर्चर एफ/६.३. क्रॉप सेन्सरवर ६०० मिमीला जवळपास ९०० मिमीइतकं दृश्य मिळतं, त्यामुळे ८०० च्या प्राइमची ओढ बरीचशी तिथेच शमेल. टेलिकन्व्हर्टरच्या (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये लावून फोकल लेंथ वाढवणाऱ्या जोडाच्या) मोहात पडू नका. १.४ पटीचा एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश खातो, २ पटीचा दोन स्टॉप. ६०० एफ/४ वर १.४ लावला की ८४० एफ/५.६ होते आणि फोटो छान येतात, पण एफ/६.३ च्या झूमवर तोच लावला की एफ/९ वर येऊन ऑटोफोकस रेंगाळू लागतो. रात्रीचे सामने हेच तुमचं मुख्य काम असेल तर मात्र ही झूमही सोडा आणि ७०-२०० एफ/२.८ घेऊन मैदानाच्या जवळची जागा मिळवा.

खरेदीआधी तुमचे जुने फोटो उघडून फक्त ३०० मिमीवर काढलेले वेगळे करा. त्यांत वाया गेलेले का वाया गेले ते बघा. टोकदार आहेत पण अर्ध्याहून जास्त फ्रेम कापावी लागली, अशांची संख्या मोठी असेल तर लांब लेन्सने फरक पडेल. हललेले किंवा नॉइजने भरलेले जास्त असतील तर तुम्हाला शटर स्पीड आणि अपर्चर हवंय, ८०० मिमीने ते आणखी बिघडतील. मग ठरेल ती लेन्स भाड्याने घ्या आणि एक पूर्ण सामना व एक पूर्ण सकाळ वापरून बघा. दुकानात पाच मिनिटं हातात धरून वजनाचा अंदाज येत नाही, चौथ्या तासाला येतो.