लातुरात पोस्ट, देशात गार्ड

चि. लेकरास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बारावी सोडून बास्केटबॉलच्या अकॅडमीत जाऊ का, एवढंच विचारायचं होतं, पण सोबत डंकचे, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबायचे, व्हिडिओ पण पाठवलेस. तेही बघितले. बारावी सोडू नकोस. डंकचं पुढं सांगतो.

आधी हे करिअर असतं कुठं ते बघ. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये, तीस संघ आणि प्रत्येकाकडं साधारण पंधरा जागा. म्हणजे सगळ्या जगाची धडपड साडेचारशे जागांसाठी. आपल्या सतनामसिंग भामराला 2015 मध्ये तिथल्या डॅलस मॅव्हरिक्स संघानं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 52व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. पंजाबातल्या खेड्यातलं पोरगं, सात फूट दोन इंच उंची, वयाच्या चौदाव्या वर्षी अमेरिकेत शिकायला गेलेलं. त्यालाही एनबीएची एकसुद्धा मॅच खेळायला मिळाली नाही. तुला भीती घालत नाही. अण्णांनी सोयाबीनच्या पैशातून फी भरायच्या आधी हा हिशोब त्यांच्याही कानावर जावा, एवढंच.

आपल्याकडं लीग येतात आणि जातात. यूबीए 2015 मध्ये निघाली आणि काही वर्षांतच थांबली. आयएनबीएल 2022 पासून आहे. चांगलंच आहे, पण तेवढ्यावर घर चालवायचा विचार आत्ता करू नकोस. इथल्या खेळाडूच्या घरात चूल पेटते ती डिपार्टमेंटवर. रेल्वे, सैन्यदल, ओएनजीसी, इन्कम टॅक्स, पोलीस. खेळाच्या कोट्यातून भरती व्हायचं, पगार घ्यायचा, त्यांच्याकडून खेळायचं आणि खेळ संपला की खुर्चीवर बसायचं. मी पण हेच केलं, आणि त्यात कमीपणा काही नाही. भारताचा कॅप्टन राहिलेला, अर्जुन पुरस्कार मिळालेला विशेष भृगुवंशी ओएनजीसीकडूनच खेळत आला.

आता मुद्द्याचं. डिपार्टमेंट भरती करतं ते जागा बघून. यंदा गार्ड हवाय, यंदा पोस्ट हवाय, असं. गार्ड म्हणजे बॉल पुढं नेऊन खेळ चालवणारा, पोस्ट म्हणजे रिंगखाली उभा राहणारा उंच खेळाडू. तू सहा फूट दोन. लातुरात तुझ्याएवढं कोणी नाही म्हणून सहावीपासून तुला रिंगखाली उभं केलं. तू हात वर करायचास, वरून बॉल यायचा, वळून टाकायचास. जिल्ह्यात कोणी अडवत नाही, विभागातही निभावतं. पण राज्याला आठ विभागांची पोरं येतात, तिथं जरा अडखळतं. आणि नॅशनलला पंजाबची, सर्व्हिसेसची (सैन्यदलांच्या संघाची) पोस्टवरची पोरं साडेसहा फुटांच्या पुढची असतात. त्यांच्यात तुझी उंची गार्डची. आणि गार्डचं काम तुला आजवर कुणी शिकवलेलं नाही, कारण तू रिंगखाली थांबलास की शाळेला ढाल मिळायची. तो विशेष भृगुवंशीही साडेसहा फुटांच्या आतलाच आहे. आपल्याकडं जन्मला असता तर त्यालाही पोस्टलाच उभा केला असता, हे मी पैजेवर सांगतो.

तुझा दुसरा व्हिडिओ परत लाव आणि डंक सोडून त्याच्या आधीचं बघ. चार ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटणं) आहेत. चारही उजव्या हाताचे आणि चारही वेळा नजर बॉलवर. गार्डला आठ सेकंदांत बॉल अर्ध्या कोर्टाच्या पुढं न्यावा लागतो, आणि तेही समोर एक चपळ, बुटकं पोरगं अंगाला चिकटलेलं असताना. त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळतं की तुझा डावा हात कच्चा आहे. मग ते पूर्ण मॅच तुला डावीकडंच ढकलत राहतं. तू कोपऱ्यात सापडलास की दुसरा धावून येतो आणि बॉल गेला. ट्रायलला निवड करणारी माणसं नेमकं हेच बघत बसलेली असतात. डंक बघून टाळ्या वाजवतात, नाव मात्र त्या बुटक्याचं लिहितात.

म्हणून आजपासून डावा हात. रोज सकाळी अर्धा तास फक्त डाव्यानं, मान वर ठेवून. सोबत कुणाला तरी उभं कर, त्यानं बोटं दाखवायची आणि तू आकडा ओरडून सांगायचा. तुमचं कोर्ट सिमेंटचं, मधे खपली उडालेली. बॉल वेडावाकडा उसळणार, उसळू दे.

दुसरं शूटिंग. घरातला टेप घेऊन कोर्टावर जा आणि थ्री पॉइंटची रेष मोज. रिंगच्या मध्याखालून मोजायचं. जुन्या कोर्टांवर ती 6.25 मीटरवर असते. नियम 2010 मध्ये बदलला, आता 6.75 पाहिजे. गावोगावी रंग मारताना जुन्याच रेषेवर ब्रश फिरवतात आणि पोरांना वाटतं आपण शूटर झालो. पुढं ट्रायलला गेलं की सगळे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला. चुन्यानं नवीन रेष मार आणि तिथूनच सराव कर. फ्री थ्रो मात्र शेवटी, पुरतं दमल्यावर.

डंक बंद. सिमेंटवर रोज अशा उड्या मारशील तर पंचविशीत गुडघे बोलायला लागतील, आणि पॉइंट तर ले-अपचे, म्हणजे रिंगजवळ जाऊन अलगद टाकलेल्या बॉलचे, पण दोनच. उड्या मारायच्याच असतील तर खो-खोच्या मैदानावर, मातीत मार.

तुम्हा चार पोरांना अजून एक सांगतो. थ्री बाय थ्री, म्हणजे तिघांविरुद्ध तिघं, खेळा. एक रिंग, अर्धं कोर्ट, दहा मिनिटं किंवा 21 पॉइंट, आणि शॉटला बाराच सेकंद. टोकियोपासून ते ऑलिम्पिकमध्ये आहे. तुमच्याकडं दुसरी रिंग वाकलेलीच आहे, त्यामुळं अडचण नाही. त्यात सगळ्यांनाच ड्रिबल करावं लागतं, सगळ्यांनाच शूट करावं लागतं, पोस्टला लपायला जागा नसते. तुला तेच हवंय.

पावडरींचं थोडक्यात. जिमवाला देईल ते उगं तोंडात टाकू नकोस. सतनामवरच 2020 मध्ये नाडानं, म्हणजे देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेनं, दोन वर्षांची बंदी घातली. डब्यावर काय लिहिलंय त्यापेक्षा तुझ्या अंगात काय सापडलं ते मोजतात. शेंगदाणे, अंडी, दूध, ज्वारीची भाकरी तुला पुरे.

कागदांकडं मात्र नीट बघ. राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते प्रमाणपत्राची क्रीडा उपसंचालकांकडून पडताळणी झाल्यावर. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं झाल्यापासून बारीक तपासतात. शाळेच्या नावात, तुझ्या नावात, जन्मतारखेत कुठं फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करून घे. आणि वय कमी दाखवून अंडर-17 खेळवतो असं कोणी म्हणालं तर त्याच्या दारात परत जाऊ नकोस, भले तो कितीही मोठा कोच असो.

बारावी यासाठी की पुढं विद्यापीठाची टीम आहे. नांदेडच्या विद्यापीठाकडून वेस्ट झोन खेळायचं, तिथून वर गेलास तर ऑल इंडिया. डिपार्टमेंटची माणसं अशा स्पर्धांवर नजर ठेवून असतात. ती वाट अकॅडमीच्या फीपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि त्यासाठी कॉलेजात नाव लागतं.

अकॅडमीवाल्यांना या आठवड्यात पैसे देऊ नका म्हणून अण्णांना सांग. रविवारी मी घरी येतो, त्यांच्याशी बोलतो. प्रमाणपत्रांची फाइल काढून ठेव, बोनाफाईडसकट. आणि सकाळी सहाला ग्राउंडवर भेट, उजवा हात खिशात घालून.

तुझा,
सर