दर महिन्याला भरतोय, तरी संपत का नाही?

पैशांबद्दल सल्ला मागायला लोक माझ्याकडे येतात, पण क्रेडिट कार्ड घ्यावं की नको, हा प्रश्न सरळ फार कमी वेळा येतो. बहुतेकदा तो भांडणाच्या पोटात दडलेला असतो. नाशिकच्या या जोडप्याचंही तसंच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि हिशोब समजायला सोपा जावा म्हणून आकडे गोल केलेत.) तो अंबडच्या एमआयडीसीत मशीन ऑपरेटर. ती घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मुलगी चौथीत. "आमचं पैशांवरून रोज वाजतं," एवढंच सांगून दोघं बसले होते.

बँकेने त्याला दुसऱ्या कार्डाची ऑफर दिली आणि ठिणगी पडली. ती म्हणत होती, दुसरं राहू दे, आहे तेच कापून टाका. त्याचं म्हणणं, कार्ड नसेल तर सिबिल (कर्ज देण्याआधी बँका बघतात तो परतफेडीचा गुणांक) कसा तयार होणार आणि उद्या घरासाठी कर्ज कोण देणार?

"मॅडम, मी आजवर एकदाही तारीख चुकवलेली नाही," तो म्हणाला. आवाजात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

"हो ना, मग संपत का नाही ते?" ती म्हणाली. "मी विचारलं की हे म्हणतात, भरलंय. किती राहिलंय ते कधीच सांगत नाहीत."

अशा वेळी मी कोण उधळ्या आणि कोण काटकसरी या वादात शिरत नाही. मी कागद मागते. पुढच्या वेळी तो सहा महिन्यांची कार्डाची बिलं आणि पगाराच्या खात्याचं स्टेटमेंट घेऊन आला. बिलाच्या वरच्या भागात दोन आकडे असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. त्याचं एकूण होतं 84,000 आणि किमान 4,200. तो दर महिन्याला 4,200 भरत होता. अॅपवर "पेमेंट मिळाले" असं हिरव्या अक्षरांत दिसलं की त्याच्या लेखी त्या महिन्याचं कार्ड संपलं.

त्याच्या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के होता. ऐकायला किरकोळ वाटतो, पण वर्षाचा 42 टक्के होतो. 84,000 वर महिन्याचं व्याज 2,940 रुपये, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 529. झाले 3,469. त्याने भरलेल्या 4,200 मधून हे वजा केले की मुद्दलातून उतरतात अवघे 731 रुपये. हे गणित मी त्यालाच कागदावर करायला लावलं. 731 वर त्याने पेन थांबवलं आणि पुन्हा बेरीज केली. उत्तर तेच आलं.

हे 731 सुद्धा, कार्ड त्या महिन्यात वापरलं नाही तर. त्याने ते यूपीआयला जोडलं होतं. रुपे क्रेडिट कार्ड असलं की तसं करता येतं. त्यामुळे पेट्रोल, किराणा, कंपनीच्या गेटबाहेरचा चहा-वडापाव, सगळं क्यूआर कोडवरून कार्डावर जात होतं. इथे बहुतेक लोक एक नियम विसरतात. खरेदीवर मिळणारी वीस ते पन्नास दिवसांची बिनव्याजी मुदत ही मागचं बिल पूर्ण भरणाऱ्यालाच असते. मागचं थोडंही बाकी असेल तर नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणजे तो वडापावसुद्धा 42 टक्क्यांनी खात होता. हे ऐकून ती हसली, तो नाही हसला.

नुसतं किमान भरत राहिलात तर परतफेड लांबते आणि व्याज चढत जातं, असा इशारा बिलावर छापायला रिझर्व्ह बँकेने कार्ड कंपन्यांना बंधनकारक केलेलं आहे. त्याच्या बिलावरही तो होता, दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत. व्याजाच्या दराचंही सांगते, कारण "एवढं व्याज कायद्यात बसतं का?" असं लोक हमखास विचारतात. 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा कोर्ट दर खाली आणेल या भरवशावर कुणी राहू नये.

माझं कुतूहल वेगळंच होतं. महिन्याचा पगार असलेला, व्यसन नसलेला, तारखा पाळणारा माणूस यात अडकला कसा? जुनी बिलं चाळताना कारण सापडलं आणि ते अगदीच क्षुल्लक निघालं. बिलाची शेवटची तारीख होती 3 आणि पगार व्हायचा 7 तारखेला. पहिल्यांदा 22,000 चं बिल आलं तेव्हा खात्यात तेवढे नव्हते, कारण महिन्याच्या 3 तारखेला कुणाच्या खात्यात असतात? त्याने किमान रक्कम भरली आणि पगार झाला की बाकीचं भरू असं ठरवलं. पगार झाला. घरभाडं, दूध, मुलीच्या व्हॅनचे पैसे आणि गावी आईला पाठवायचे, यांत तो गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा 3 तारीख आली.

तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्याशिवाय विलंब शुल्क लावायचं नाही आणि सिबिलचे गुण देणाऱ्या कंपनीकडे थकबाकीदार म्हणून कळवायचं नाही, असा नियम आहे. त्याच्या बाबतीत ती सवलतही एका दिवसाने हुकत होती. पण बिलाचं चक्र निदान एकदा तरी आपल्या सोयीने बदलून मागायचा हक्क ग्राहकाला रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार आहे. एका अर्जात त्याची तारीख 3 वरून 15 वर गेली असती. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरं कार्ड घ्या म्हणून सांगणारे फोन मात्र आठवड्याला येत होते.

आता फेडायचं कसं? ती पटकन म्हणाली, "माझ्या पाटल्या आहेत." मी तिला थांबवलं, कारण स्टेटमेंटमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसली होती. 60,000 ची मुदत ठेव, सात टक्क्यांची.

"ती मुलीच्या शिक्षणाची आहे, तिला हात लावायचा नाही," तो म्हणाला. सगळ्यात जास्त वेळ आमचा इथेच गेला. ही भावना मी हसण्यावारी नेत नाही. त्या ठेवीमुळे त्याला आपण चांगले वडील आहोत असं वाटत होतं आणि ते वाटणं त्याला फार गरजेचं होतं. मी फक्त दोन आकडे शेजारी लिहिले. ठेव वर्षाला देणार 4,200 रुपये. कार्डावरचे तेवढेच 60,000 वर्षाला खाणार 25,200 आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 30,000 च्या आसपास. मुलीच्या नावाने ठेवलेले पैसे तिच्याच घराला वर्षाकाठी पंचवीस हजारांनी खड्ड्यात घालत होते. तो म्हणाला, "दोन दिवस द्या." मी म्हटलं, घ्या. हे त्याच खुर्चीत बसून पटवून घ्यायचं नसतं. माणूस तोंडावर हो म्हणतो आणि घरी जाऊन काहीच करत नाही.

ठेव मोडली. मुदतीआधी मोडल्याचं थोडं व्याज कापलं गेलं, पण कार्डाच्या व्याजापुढे ते काहीच नव्हतं. उरलेल्या 24,000 चे बँकेकडून सहा हप्ते करून घेतले, वर्षाला 16 टक्क्यांनी. हप्ता बसला 4,190 च्या जवळपास, वर व्याजावरचा जीएसटी आणि एकदाच लागणारं प्रक्रिया शुल्क. म्हणजे आजवर तो भरत होता जवळपास तेच बेचाळीसशे, फक्त यावेळी सहा महिन्यांनी संपणारे. त्यानंतर तेवढीच रक्कम आवर्ती ठेवीत टाकायची असं ठरलं. साधारण सव्वा वर्षात मुलीचे साठ हजार पुन्हा उभे.

कार्ड कापायचं का? मी त्याला बंदच करायला सांगितलं. काहींना हे टोकाचं वाटेल. पण तीन गोष्टी जुळत नव्हत्या. महिनाअखेर त्याच्या खात्यात काही उरत नव्हतं, कार्डावर खर्च केला की तो खर्च झाल्यासारखा त्याला वाटत नव्हता आणि बिल घरात दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. यातली तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात वाईट. कार्डाचे मेसेज एकाच्याच फोनवर जातात आणि त्या घरात "भरलंय" या उत्तरापुढे कुणी जात नाही. अशा घरात कार्ड नको, मर्यादा पाच हजार असली तरी नको.

बंद करताना तो सिबिलला घाबरत होता. त्याची मर्यादा होती एक लाख आणि 84,000 वापरलेले. किमान रक्कम वेळेवर भरल्यामुळे तो थकबाकीदार ठरला नव्हता हे खरं, पण मर्यादेचा एवढा मोठा भाग कायम वापरात असणं गुणांना मारकच असतं. तीस टक्क्यांच्या आत राहावं असा ठोकताळा आहे. आपला सिबिल अहवाल वर्षातून एकदा फुकट मागवता येतो, तो मागवून मी त्याला दाखवला. शेवटचा हप्ता फिटल्यावर त्याने कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज दिला. बाकी काही नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेने ग्राहकाला दिवसाला 500 रुपये द्यायचे असतात. हे वाक्य अर्जात लिहिलं की फोनवरची "सर, वार्षिक शुल्क माफ करतो" ही आर्जवं लवकर आवरतात.

मग कुणी घ्यावं? मी विचारते, हा खर्च तुम्ही रोखीने आज करू शकला असता का? हो असेल तर कार्ड सोयीचं आहे. महिनाभर पैसे आपल्याच खात्यात राहतात, काही सवलती मिळतात, परतफेडीची नोंद तयार होते. ऑटो-पेला मात्र एकूण रक्कम निवडायची, कारण किमान हाही पर्याय तिथेच शेजारी असतो. एटीएममधून कार्डावर रोख काढायची नाही, त्यावर शुल्क लागतं आणि व्याज त्याच दिवसापासून. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहारांची बटणं अॅपमध्ये असतात, लागत नसतील तेव्हा बंद ठेवायची. बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांतही जीएसटी आणि शुल्क कुठेतरी लपलेलं असतंच, ते आधी विचारायचं.

"अडीनडीला असावं" म्हणून कार्ड घेणारे मला सगळ्यात जास्त भेटतात. हेच कारण मला सगळ्यात कमी पटतं. अडचणीच्या महिन्यात पूर्ण बिल भरता येईल अशी शक्यताच कमी. रात्री दवाखान्यात अनामत भरायला कार्ड उपयोगी पडतं हे मान्य. पण मागे विमा किंवा ठेव असली, तर.

या गोष्टीत मला एक जण राहून राहून दिसत होती, तीच, जी कार्डाचं नाव काढलं की चिडायची. कोणत्या बाईचे किती ब्लाउज, किती आगाऊ, किती बाकी, हे सगळं तिच्या वहीत रोजच्या रोज होतं. कार्डाला लागणारी शिस्त त्या घरात होती, फक्त कार्ड चुकीच्या खिशात होतं. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "नको बाई, मला नकोच ते." मी आग्रह केला नाही.

वर्षभराने तिचाच फोन आला. भिशीचा नंबर लागला होता. त्यातले 20,000 तिने स्वतःच्या नावाने मुदत ठेवीत टाकले आणि त्या ठेवीवर कार्ड घेतलं, मर्यादा 16,000. ठेवीवर दिलेल्या कार्डाला पगाराची स्लिप फारशी कुणी मागत नाही आणि ठेवीचं व्याजही चालू राहतं. अस्तर, दोरे, बटणं ती त्यावर आणते, बिल आलं की वहीत लिहिते आणि त्याला दाखवते. त्याची तक्रार आता अशी आहे की एवढ्या मर्यादेत फ्रिज बसत नाही. या भांडणासाठी अजून तरी ते माझ्याकडे आलेले नाहीत.