पप्पांबद्दल काय बोलू?

प्रश्न: पप्पांना जाऊन महिना होतोय, रविवारी चर्चमध्ये त्यांच्या नावाची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी आहे. तीसेक वर्षं त्यांनी चर्चमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल या गरिबांना मदत करणाऱ्या संस्थेचं काम केलं, आईला शेवटपर्यंत सकाळचा चहा स्वतः करून दिला. मला बोलायचंय पण कागद घेतला की रडूच येतं, काय करू? (वाचक, वसई)

उत्तर: ताई, रडू येऊ दे गं, पण लिही. आधी फादरना विचारून घे, कारण मिस्साच्या प्रवचनात माणसाचं गुणगान करत नाहीत, घरच्यांना बोलायचं असेल तर बहुतेक कम्युनियननंतर, म्हणजे पवित्र भाकर वाटून झाल्यावर देतात, तेही पाचेक मिनिटं. म्हणून 'ते प्रेमळ होते, सेवाभावी होते' यात वेळ घालवू नकोस, ते सगळ्यांना माहितीये. चहाचंच सांग! कपावर बशी झाकून आईच्या उशाशी ठेवायचे का, साखर किती टाकायचे, जे तू पाहिलंयस तेच.

आणि त्यांचं काम. ही संस्था 1833 मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी काढली, तेव्हा तो फक्त 20 वर्षांचा होता, आणि गरिबाच्या घरी स्वतः जाऊन बसायचं हा तिचा गाभा. पप्पा कुणाकडे जायचे, सायकलला सुकेळी नाहीतर तांदळाची पिशवी लावून निघायचे का, हे आईला विचार, तिलाही बोलायचं असेल. नावं मात्र घेऊ नकोस, मदत घेणाऱ्याला चारचौघात अवघडल्यासारखं होतं.

अडकलीस तर भावाला कागद दे, तो पुढचं वाचेल.