"कंबर बारीक आहे, मग सिझरच होणार ना?"

पहिलटकरणींकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. सातव्या महिन्यातली एकजण (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) तर घरी टेपने कमरेखालचा घेर मोजून आली होती. "घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, एवढीशी कंबर, हिचं सिझरच होणार. मॅडम, खरंच का हो?"

मी पेल्विसचं, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याचं, मॉडेल तिच्या हातात दिलं. आपण कमरेवर हात ठेवतो ती वरची रुंद कड तिला दाखवली. "तुम्ही मोजलंत ते ही हाडं आणि त्यांवरचं मांस-चरबी. बाळाची वाट याच्या खाली, आत आहे." तिने त्या पोकळीतून बोट फिरवलं. मागे 5 मणके जुळून झालेलं त्रिकास्थी, त्याखाली माकडहाड, पुढे, ओटीपोटाच्या खाली, जघनाच्या दोन हाडांमधला सांधा. तिथे बोट थांबलं. "इथे हाड नाही?" नाही, कूर्चा आहे. गरोदरपणात हा सांधा थोडा सैलावतो, काही मिलिमीटर रुंदावतो. बाळंतपणात माकडहाडही मागे सरकतं.

या वाटेचं तोंड साधारण 13 सेंटिमीटर आडवं आणि पुढून मागे 11च्या आसपास असतं. हनुवटी छातीशी घेतलेल्या बाळाचं डोकं तिथून जाताना सुमारे साडेनऊ भरतं. शिवाय बाळ सरळ खाली येत नाही. वरच्या बाजूला जागा आडवी जास्त, म्हणून डोकं बहुधा कुशीकडे तोंड करून शिरतं. खाली पुढून मागे जास्त, म्हणून तिथे वळतं. कवटीची हाडं जुळलेली नसल्याने ती एकमेकांवर किंचित सरकतात. मला हा भाग समजावून सांगायला फार आवडतो, कारण इथेच बायकांचा चेहरा सैल होतो.

"मग माझं होईल, असं आत्ता सांगाल?" नाही, ते कुणीच सांगू शकत नाही. कळा सुरू झाल्यावर डोकं उतरतंय का, यावरूनच कळतं. मात्र पूर्वी या हाडांना फ्रॅक्चर झालं असेल, लहानपणी मुडदूस किंवा पोलिओ झाला असेल, उंची फारच कमी असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा. तिला यातलं काही नव्हतं.

तिचं अखेर सिझर झालं. डोकं व्यवस्थित उतरत होतं, पण बाळाचे ठोके मंदावले. फोनवर तिने आधी तेच विचारलं, "माझ्या हाडांमुळे नाही ना?" नाही, मी म्हटलं, आणि घरातल्यांनाही हेच सांग.