२०२० च्या लॉकडाऊनमध्ये रव्यावर एवढी झुंबड का उडाली, आणि घरच्या पाणीपुरीच्या पुऱ्या नरम का पडत होत्या?

तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत, पण उत्तर बरंचसं एकच आहे.

२४ मार्च २०२० ला रात्री ८ वाजता २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. किराणा मिळणार होता, पण वडापाव, भेळ, पाणीपुरीच्या गाड्या बंद झाल्या. म्हणून महिन्याच्या यादीत एरवी नसणाऱ्या वस्तू त्यात आल्या: जास्तीचा रवा, मैदा, पांढरे वाटाणे, काळं मीठ, यीस्ट. दुकानात जे असेल ते घ्यायची वेळ होती, त्यामुळे बारीक रवा नसला की लोक जाड रवा घेऊन यायचे.

पुरीचा पहिला घोटाळा इथेच होतो. जास्तीच्या रव्याला किडे लागू नयेत म्हणून आपण तो भाजून डब्यात भरतो. उपमा-शिऱ्याला तो उत्तम, पण पुरीला अजिबात चालत नाही. भाजल्यावर रव्यातल्या ग्लूटेनची पकड जाते, पीठ ताणलं जात नाही, लाटताना कडा चिरतात आणि वाफ त्या चिरांतून निसटते. पुरी फुगणार कशी? पुरीसाठीचा रवा कच्चाच ठेवावा. हवाबंद डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला तर किड्यांचीही भीती राहत नाही. जाड रवा असेल तर मिक्सरमध्ये थांबूनथांबून फिरवा, एकसलग फिरवला तर तो गरम होतो.

प्रमाण असं: १ वाटी बारीक रवा, १ मोठा चमचा मैदा, चिमूटभर मीठ. पाणी पाव वाटीपासून सुरू करून चमच्याचमच्याने वाढवा. पीठ घट्टच हवं. ओल्या कापडाखाली अर्धा तास ठेवा, मग पुन्हा पाच-सात मिनिटं जोर लावून मळा. हे दुसरं मळणं बहुतेक जण टाळतात आणि तिथेच फसतात. मोठी पातळ पोळी लाटून झाकणाने दीड-दोन इंचाच्या पुऱ्या पाडा आणि त्याही ओल्या कापडाखालीच ठेवा. वरचा पापुद्रा सुकला की पुरी चपटी राहते.

आता नरम पडण्याचं कारण. पुरी फुगायला तेल चांगलं तापलेलं लागतं, पण कुरकुरीत व्हायला वेळ लागतो. कडकडीत तेलात ती मिनिटभरात लाल होते, आपण काढतो, आणि आतल्या थरात राहिलेला ओलावा दहा मिनिटांत सगळ्या पुरीला नरम करतो. म्हणून पुरी सोडली की झाऱ्याने हलकेच दाबून फुगवा आणि लगेच आच मध्यमच्या खाली आणा. पुरीभोवतीचे बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळा. रंगापेक्षा बुडबुड्यांवर विश्वास ठेवा. पुऱ्या पूर्ण गार होण्याआधी डब्यात भरू नका. नरम पडल्याच तर ओव्हनमध्ये १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा. ओव्हन नसेल तर एप्रिलच्या कडक उन्हात तास-दोन तास.

पाण्याचं सोपं आहे. लिंबं नसतील तर त्या दिवसांत कैरी असतेच. एक कैरी उकडून गर घ्या, त्यात १ वाटी पुदिन्याची पानं, अर्धी वाटी कोथिंबीर, दोन-तीन मिरच्या, इंचभर आलं, १ चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, १ चमचा काळं मीठ आणि १ लिटर थंडगार पाणी. पुदिन्याचे देठ घेतले किंवा तो फार वेळ वाटला तर कडू लागतो. वाटाणे आठ तास भिजवून चिमूटभर सोड्यासह शिजवा.

यीस्ट मिळालं नाही म्हणून पिझ्झा अडत नाही: २ वाट्या मैद्याला अर्धी वाटी दही, १ चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि मीठ. वीस मिनिटं झाकून ठेवा, बेस जाड तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजा आणि मगच वर भाज्या घाला, नाहीतर मधोमध कच्चा राहतो.