दुसऱ्या वर्षी नांगर घालू नका, आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका

दादा, तुमची पोस्ट वाचली. काळं रान, सोयाबीनवर हरभरा, विनानांगरणीचं दुसरं वर्ष, बेडवर हराळीचं तण चढलेलं, सरीत पाणी तुंबलेलं आणि घरचे मागे लागलेत की यंदा एकदा नांगर घाल. आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. मी काही कृषी पदवीधर नाही. लातूरकडच्या भारी रानात जे बघितलं तेच सांगतो, मुरमाड रानाला जसंच्या तसं लावू नका.

नांगर घालू नका, हे माझं स्पष्ट मत. रोटाव्हेटरनं वर्षानुवर्षं वीतभर खाली जो घट्ट थर बसवलाय तो एकदोन हंगामात सुटत नाही. हरभऱ्याची, तुरीची मुळं जागेवर कुजली की त्यांची भोकं राहतात, पाणी त्यातूनच खाली मुरतं. नांगरलं की ती मोडली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे त्यांनीच बसवलेल्या एसआरटी या विनानांगरणीच्या पद्धतीत मुळं जमिनीतच ठेवा म्हणून एवढा जोर देतात तो उगाच नाही. सरीतल्या पाण्याला खालच्या टोकाला चर काढून वाट द्या, त्याचा नांगराशी संबंध नाही.

खात्री करायची असेल तर बेडवरचं एक सुकं ढेकूळ आणि शेजारच्या नांगरलेल्या रानातलं तेवढंच ढेकूळ दोन ग्लासांत पाण्यात सोडा. आमच्या ग्लासात शेजारचं बघता बघता विरघळून खाली गाळ बसला. बेडवरचं बराच वेळ आकार धरून होतं, त्यातून बारीक बुडबुडे येत होते आणि मुळांचे धागे लोंबत होते. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब आधी वरच्या थरातच वाढतो, म्हणून नमुना दरवर्षी त्याच महिन्यात, तेवढ्याच खोलीवरून घ्या, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

आता ज्यानं आमचं सगळ्यात जास्त नुकसान झालं ते सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही. अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली गेलं. विम्याची सूचना ७२ तासांच्या आत दिली होती. पंचनाम्याला आलेला माणूस बांधावरच उभा राहिला. त्याला हरभऱ्याची खोडकं दिसली, वाळलेलं तण दिसलं, बेडवर पसरलेलं काड दिसलं. सोयाबीनची पिवळी पडलेली तासं, म्हणजे ओळी, त्या काडातच होती, पण आत यायला तो तयार नव्हता. कागदावर शेरा पडला, 'मशागत न केलेले, तणग्रस्त क्षेत्र'. वडिलांनी विश्वासानं सही केली. बांधापलीकडे तेवढंच पाणी, तेवढंच नुकसान, त्यांना भरपाई मिळाली. आमचा दावा बाद. कार्यालयात गेलो तर 'नांगरट नाही म्हणजे पीक घेतलंच नाही', आणि 'पंचनामा एकदा झाला की बदलत नाही'. एकीकडे शिबिरं भरवून सांगायचं मशागत कमी करा, जमीन वाचवा, आणि ज्यानं ऐकलं त्याच्याच रानाला पडीक ठरवायचं! आजही आठवलं की जीव जळतो.

म्हणून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरची पिकाची नोंद, मुदतीत स्वतः करा. उगवण झाली की काडातून वर आलेली तासं दिसतील असे फोटो काढा, ठिकाण आणि तारीख येईल असे, पीक गुडघ्याएवढं झालं की पुन्हा. पंचनाम्याला माणूस आला की हाताला धरून तासात न्या, लिहिलेलं मोठ्यानं वाचून घ्या, मग सही. विम्याचे नियम दरवर्षी बदलतात, यंदाचे तेवढे विचारून घ्या.

हराळीचं म्हणाल तर ती खुरप्यानं आटोपत नाही. ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्रानं २०२२ मध्ये निर्बंध घातले, तेव्हा दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावर जाऊ नका, कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मी स्वतः आधी बांधाकडून येणारी हराळी अडवतो, कारण ती तिकडूनच आत सरकते. ज्वारी-गव्हाचं काड जास्त असेल तर ते कुजताना पिकाचं नत्र धरून ठेवतं, सुरुवातीची पिवळी झाक त्याचीही असू शकते.

आणि काड ठेवताय तर गोगलगायींवर नजर ठेवा. २०२२ ला आमच्या पट्ट्यात त्यांनी सोयाबीनची रोपं अक्षरशः साफ केली होती. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधाकडेनं टाका, सकाळी ऊन चढायच्या आत खाली जमलेल्या गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. हातमोजे घाला, आणि हे पेरणीपासूनच सुरू करा, रोपं कुरतडलेली दिसेपर्यंत थांबू नका.